बिडी संपू दे

शिरड शहापुरात प्रेमानंदाइतका बोलका माणूस शोधून सापडला नसता. हॉटेलच्या बाकावर तो एकदा बसला की ऐकणाऱ्याचा चहा गार व्हायचा. पण आभार मानायची वेळ आली की याची जीभ टाळूला चिकटायची. त्याची बायको संगिता म्हणायची, ह्यांना भाजी आवडली की नाही ते मी ताटाकडं बघून ओळखते, तोंडाकडं बघत बसले असते तर तशीच म्हातारी झाले असते. बायकोच्या भाजीचं एक वेळ चालून गेलं, भाजी रोजच होते. वसरामदादाचं तसं नव्हतं. त्याचे आभार मानायचे एकदा राहिले ते राहिलेच, आणि प्रेमानंदाची लेक शिला त्या राहिलेल्या आभारांच्याच वयाची होती. आता ती गावच्या शाळेत विज्ञान शिकवत होती, म्हणजे किती उशीर झाला होता ते बघा.

वसराम राठोड पलीकडच्या तांड्यावरचा, प्रेमानंदापेक्षा वयानं बराच मोठा. दोघांची जोडी जमली ती विहिरींवर. तेव्हा इकडं बोअरच्या गाड्यांचा सुळसुळाट झाला नव्हता. वरची माती आणि मुरूम संपला की खाली काळा दगड लागायचा आणि तो पहारीला दाद द्यायचा नाही. मग परवानेवाला ठेकेदार या दोघांना बोलवायचा. ट्रॅक्टरवरच्या कॉम्प्रेसरनं दगडात भोकं पाडायची, वसरामनं त्यात सुरुंगाच्या कांड्या भरायच्या, प्रत्येक कांडीत वीज लागताच उडणारी एक टोपी आणि टोपीला दोन तारा. तारा जोडायचं काम प्रेमानंदाचं. पहिल्या टोपीची तार दुसरीच्या तारेला, दुसरीची तिसरीला, अशी विहिरीच्या तळाला एकच माळ ओवायची आणि तिची दोन टोकं वर आणून बॅटरीला लावायची. आपल्या हातची माळ कधी तुटत नाही याचा प्रेमानंदाला भारी अभिमान होता, आणि तो त्यानं कधी लपवलाही नाही.

तरीही कधीमधी एखादी टोपी रुसायची. बॅटरी लावली तरी खालून आवाज यायचा नाही. अशा वेळी वसरामचा एक रिवाज होता. तो कडेपासून लांब जाऊन उकिडवा बसायचा, बिडी पेटवायचा आणि म्हणायचा, बिडी संपू दे. बिडी संपेपर्यंत कुणी विहिरीकडं फिरकायचं नाही. ठेकेदार चरफडायचा, पण तोही थांबायचा. आणि वसराम बिडी ओढायचाही अशी, की जणू त्याला दुसरी कुणी देणारच नव्हतं.

सिद्धेश्वरच्या रस्त्याला एका विहिरीवर असंच झालं. दिवस कलला होता. संगिताला कळा सुरू झाल्यात, तिला औंढ्याच्या दवाखान्यात नेलंय, असा सांगावा घेऊन माणूस येऊन उभा, आणि नेमकी त्याच वेळी बॅटरी लावून विहीर गप्प. प्रेमानंद म्हणाला, तार निसटली असेल, उतरतो, जोडतो आणि जातो. वसरामनं मागून त्याच्या सदऱ्याचं टोक धरलं आणि ओढून त्याला खाली बसवलं. प्रेमानंदानं वसरामच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. वसरामनं बिडी पेटवली. ती निम्मी झाली असेल नसेल तोच विहीर गरजली आणि जिथं उतरायचा दोर सोडला होता तिथं दगड येऊन आदळले. प्रेमानंद सायकल मारत औंढ्याला पोचला तेव्हा शिला जगात येऊन झोपीही गेली होती. लेकीला त्याच्या हातात देताना संगितानं पहिला प्रश्न विचारला तो सदरा कशानं फाटला हा.

आभार दुसऱ्याच दिवशी मानायचे, असं प्रेमानंदानं पक्कं ठरवलं होतं. दुसऱ्या दिवशी वसराम भेटला तो पेढे कुठायत म्हणतच. पेढे खाण्यात ती वेळ गेली. मग वाटलं, बारशाला सांगू. बारशाला पाहुणे होते. मग पुढच्या विहिरीवर सांगू. पुढं बोअरच्या गाड्या आल्या, विहिरी थांबल्या, दोघं आपापल्या रानात हळद लावू लागले, आणि आता मुद्दाम जाऊन ती जुनी गोष्ट काढायची तर वसराम हसेल अशी त्याला लाज वाटू लागली. लाज अशी की ती दर वर्षी थोडी वाढायची.

यंदा मात्र पाणी डोक्यावरून जायची वेळ आली. वसरामची छाती पार कामातून गेली होती. डॉक्टरनं बिडी तोडायला सांगितली होती आणि पुण्याला नोकरी करणारा त्याचा मुलगा ओमप्रकाश सुट्टी काढून आल्यापासून रोज सकाळी बापाचे खिसे तपासत होता. विज्ञान दिन झाला की दुसऱ्या दिवशी तो वसरामला पुण्याला नेणार होता, कायमचा. घर बंद, रान बटाईनं. हे कळल्यापासून प्रेमानंदाला घास गोड लागेना. शेवटी त्यानं संगिताला सांगितलं की दादा जाऊन राहिला आणि मी अजून त्याला काही बोललो नाही. संगिता म्हणाली, मग जा अन् बोला, तांडा काय समुद्रापल्याड आहे का. तो गेला. वसरामसोबत हळदीचा भाव, पाऊसपाणी, कुरुंद्याकडची यंदाची गड्ड्यावरची कीड, सगळं बोलून परत आला.

शिलानं ते ऐकलं आणि हसली नाही. ती म्हणाली, आबा, वसरामकाकांना विज्ञान दिनाला बोलवू, यंदाच्या रॉकेटचं बटण त्यांच्या हातानं दाबू.

शाळेत तिनं मुलांचं रॉकेट मंडळ काढलं होतं. पुठ्ठ्याची नळी, तिला पंख, वर प्लॅस्टिकचं टोक, आत घडी घातलेलं पॅराशूट, आणि बुडाशी दारू ठासलेलं बोटाएवढं कागदी नळकांडं, ज्याला मोटर म्हणतात. मोटरीच्या भोकात एक बारीक तार खोचलेली असते, तिच्या टोकाला मसाल्याचा थेंब सुकवलेला. तारेतून वीज गेली की मसाला भडकतो आणि मोटर पेटते. त्या तारेला इग्नायटर म्हणायचं, हे आता गावातली शेंबडी पोरंही सांगत. एका मोटरीचं रॉकेट मुलांनी आधी उडवलं होतं. पण यंदा शिलाला त्यात छोटा कॅमेरा ठेवायचा होता, आणि ते वजन एका मोटरीला झेपणारं नव्हतं. म्हणून तिनं चार मोटरींची जुडी बांधली. चारही एकदम पेटल्या तर रॉकेट सरळ वर जाणार. एखादी मागं राहिली तर ते वाकडं होऊन कुठं घुसेल याचा नेम नाही.

कॅमेरा कशाला, असं प्रेमानंदानं विचारलं तेव्हा ती म्हणाली, तुमच्या विहिरी वरून कशा दिसतात ते तुम्ही दोघांनी कधी पाहिलंय का? प्रेमानंदानं पाहिलं नव्हतं. त्यानं त्या तळातूनच पाहिल्या होत्या, मान वर करून. हे ऐकून त्याचा जीव भांड्यात पडला. जे तोंडानं होत नाही ते रॉकेट करील, असं त्याला वाटलं. दादा बटण दाबेल, रॉकेट वर जाईल, दादा आपल्या सगळ्या विहिरी एकदम बघेल आणि तो अवघड शब्द न बोलताच पोचता होईल. फक्त रॉकेट उडायला हवं होतं, आणि पहिल्या दमात उडायला हवं होतं.

आदल्या संध्याकाळी शिला ओट्यावर जोडणी करत बसली. तिनं दोन जाड तारा घेतल्या. चारही इग्नायटरांचं एकेक टोक एका तारेला जोडलं आणि दुसरं टोक दुसरीला. प्रेमानंद बाजूला बसून बघत होता. ही कसली जोडणी? ही माळच नव्हती. चार टोप्या आणि चौघींचं तोंड वेगळीकडं. त्यानं विचारलं, असं काहून जोडलं? शिलाच्या दातात टेपचा तुकडा होता, पुढ्यात मुलांनी बिघडवलेले पंख होते. ती म्हणाली, उद्या सांगते आबा, आज राहू द्या. उद्या तिला आणखी शंभर कामं निघाली, आणि ते सांगायचं राहून गेलं. राहून जाण्याची खोड बहुधा रक्तातच असावी.

विज्ञान दिनाची सकाळ. गावाबाहेर हरभरा काढून मोकळं झालेलं रान, कुठून तरी हळद शिजवल्याचा वास, दोरीच्या अलीकडं बसवलेली सगळी शाळा. मध्यभागी लोखंडी कांबीला अडकवलेलं पिवळं रॉकेट. मुलांनी जोडीला एक तांबडंही बनवलं होतं, कारण मंडळातल्या मुलींचं आणि मुलांचं रंगावर एकमत झालं नव्हतं. पण उडायचा मान पिवळ्याचा. शिला लेकरांना मागं सारत होती. तिनं प्रेमानंदाला सांगितलं की तेवढं रॉकेटपाशी उभे राहा, कुत्री-शेळ्या येऊ देऊ नका.

एवढं कुणी प्रेमानंदाला सांगायला नको होतं. शेळी एकही आली नाही. समोर त्या तारा मात्र होत्या. बॅटरी अजून लागायची होती, बटणाच्या डब्याची चावी शिलाच्या गळ्यात होती, म्हणजे धोका काही नव्हता. त्याला वाटलं, लेकीनं पुस्तकात बघून जोडलंय, आपण हातानं जोडलंय. दादानं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही तर? सगळ्या शाळेसमोर, ओमप्रकाशसमोर, जायच्या आदल्या दिवशी? त्यानं खिशातून चाकू काढला. पहिल्याची तार दुसऱ्याला, दुसऱ्याची तिसऱ्याला, तिसऱ्याची चौथ्याला. इतक्या वर्षांनंतरही बोटं चुकली नाहीत. वरून काळा टेप असा गुंडाळला की जोड दिसू नये, आणि जुन्या सवयीनं त्यावर अंगठा दाबून धरला. त्याला फार बरं वाटलं.

शिला आली. टेप बघून तिला वाटलं आबांनी आपल्याच जोडणीवर टेप चढवलाय. तारा जुळल्याचं सांगणारा तपासणीचा बारका दिवा लागला. जरा मंद लागला, पण लख्ख उन्हात ते कुणाला कळतंय. ती म्हणाली, छान बांधलंत आबा. बाप लेकीच्या तोंडून हे ऐकायला आसुसलेला असतो, तो खूश होऊन दोरीच्या अलीकडं परत गेला.

वसरामला खुर्ची दिली होती आणि पुढ्यात टेबल. टेबलावर लाल बटणाचा डबा, पायाशी ट्रॅक्टरची बॅटरी, बॅटरीपासून रॉकेटपर्यंत लांबच लांब तार. वसरामनं स्वच्छ धुतलेला सदरा घातला होता. बटणाकडं बघून तो प्रेमानंदाला म्हणाला की बॅटरीच्या आधी, वात पेटवून पळायच्या दिवसांत असं बटण असतं तर माझी टाच तरी भाजली नसती. प्रेमानंद त्याच्या शेजारी जमिनीवर बसला. शिलानं डब्यात चावी घातली. लेकरांनी उलटे आकडे मोजले, आणि वसरामनं डोळे मिटून बटण दाबलं.

काही झालं नाही.

वसरामनं पुन्हा दाबलं, दाबून धरलं. रॉकेटच्या बुडाशी धुराची एक रेघ निघाल्यासारखी वाटली आणि विरली. लेकरांत कुजबुज सुरू झाली. शिलानं डब्यातली चावी काढून मुठीत घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की मी म्हणेपर्यंत जागचं कुणी हलायचं नाही.

प्रेमानंदाच्या कानात ते शिरलंच नाही. त्याला फक्त वसरामचं बोट दिसत होतं, अजून बटणावर टेकलेलं, आणि वसरामच्या चेहऱ्यावरचं ओशाळं हसू, जणू त्यानंच काही मोडलं. तार निसटली असेल, प्रेमानंदाला वाटलं. जातो, जोडतो आणि येतो. तो उठला आणि दोरीखालून वाकला. शिला म्हणाली, आबा, बसा खाली. तो थांबला नाही. लेकीचा शब्द तो नेहमी ऐकायचा, पण त्या घडीला त्याला लाज ढकलत होती, आणि लाजेला कान नसतात.

त्याचा सदरा मागून ताणला. त्यानं झटका दिला. पकड सुटली नाही. वसराम खुर्चीतून अर्धा उठला होता, दुसऱ्या हातानं टेबल धरून, छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि सदऱ्याचं टोक त्यानं मुठीत गुंडाळून घेतलं होतं.

"पेमा," तो म्हणाला, "बिडी संपू दे."

त्याच हाताची, त्याच जागची ती ओढ होती. तो मुकाट खाली बसला, थेट जमिनीवर, आणि वसरामनं सदरा सोडला नाही. सगळं रान गप्प. आणि मग रॉकेटच्या बुडाशी फस्स झालं.

आत धुमसत राहिलेली, चारातली एकच मोटर पेटली, तीही एका बाजूची. रॉकेट कांबीवरून वर सरकलं, सुटल्यासुटल्या आडवं झालं आणि डोकं खाली घालून, आग ओकत, टेबलाच्या दिशेनं आलं. दोरीच्या बऱ्याच पलीकडं, पण रॉकेटकडं चालत जाणारा माणूस जिथं असता बरोबर तिथं, ते ढेकळांत घुसलं. पिवळं टोक फुटलं. उरलेली आग मातीत फुरफुरत राहिली, मग पॅराशूट बाहेर फेकणारा छोटा बार झाला आणि रंगीत कापड ढेकळांवर पसरलं. एक लहान मुलगी टाळ्या वाजवू लागली, तिला वाटलं हे असंच असतं.

शिलाचा चेहरा पांढरा पडला होता. तरी ती लगेच गेली नाही. तिनं बॅटरीची टोकं काढली, वेळ जाऊ दिला, सगळं थंड झाल्यावर एकटी गेली आणि रॉकेट घेऊन परत आली. टेबलावर ठेवून ती टेप उकलू लागली. तिच्या बोटांनी पहिला जोड उघडायच्या आत प्रेमानंद बोलला.

"शिला, ते म्या बदललं."

तिनं वर बघितलं. तिथं हेडमास्तर होते, ओमप्रकाश होता, पुढच्या रांगेतली कानं टवकारलेली लेकरं होती. प्रेमानंदानं आवाज खाली आणला नाही. त्यानं सांगितलं की तुझी जोडणी मला ढिली वाटली, दादाच्या हातून चुकू नये म्हणून मी आपली माळ ओवली. शिलाला राग आला होता, तो तिच्या नाकाच्या शेंड्यावर दिसत होता. मग तिनं फुटकं रॉकेट बाजूला सारलं आणि म्हणाली, काल तुम्ही विचारलं होतं, मीच सांगितलं नाही. या इकडं.

आणि तिनं ते बापाला समजावलं, पण सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं. पाटाचं पाणी एका सरीतून दुसरीत, दुसरीतून तिसरीत सोडलं आणि पहिलीच सरी फुटली तर पुढच्या कोरड्या राहतात की नाही? राहतात, प्रेमानंद म्हणाला. माळेचं तेच होतं. हे इग्नायटर हातानं मसाल्यात बुडवलेले असतात, एक तापट, एक मंद. तापट आधी जळतो, त्याची तार तुटते आणि वीज तिथंच थांबते. बाकीचे नुसते कोमट होऊन बसतात. तुमच्या टोप्या कारखान्यातून एकसारख्या यायच्या आणि एका दणक्यात उडायच्या, म्हणून तिथं माळ चालली. इथं प्रत्येक सरीला पाटापासून स्वतःचं तोंड हवं. एक फुटली तरी बाकीच्यांचं पाणी चालू. फक्त चार तोंडं एकदम उघडायची तर पाटाला पाणी भरपूर पाहिजे, म्हणून बॅटरी ट्रॅक्टरची आणि तारा जाड.

प्रेमानंदानं मान हलवली. त्याला ते असं लख्ख कळलं की काल ओट्यावर पुन्हा न विचारल्याबद्दल त्याला स्वतःचाच राग आला. चूक कबूल केली तेवढ्याच मोकळेपणानं तो म्हणाला, बराबर हाय. मग शिलानं न जळलेल्या तीन मोटरी काढल्या, पेटीतली राखीव चौथी घेतली, नवे इग्नायटर खोचले आणि जाड तारा बापाच्या हातात दिल्या. "तुमीच जोडा आबा. म्या बघते." ती शाळेत असली की शुद्ध बोलायची, पण हे तिच्या तोंडून घरच्यासारखं निघालं. प्रेमानंदाची बोटं कामाला लागली. प्रत्येकाचं एक टोक इकडं, एक टोक तिकडं. जोड पूर्ण झाला की अंगठ्यानं दाबून धरायची सवय मात्र त्यानं सोडली नाही आणि शिलानंही सोडायला लावली नाही. लेकीनं सगळ्या शाळेसमोर चूक पदरात घेतली होती आणि वर तारही हातात दिली होती. त्याला वाटलं, या पोरीचेही आभार मानायचे राहतील आता.

तांबडं रॉकेट कांबीला लागलं, तेव्हा मंडळातल्या मुलींना जरा जास्तच आनंद झाला. टोक फुटलं तरी स्पंजात गुंडाळलेला कॅमेरा शाबूत होता, तो यात बसवला. ओमप्रकाश बापाला म्हणाला, बाबा, पुरे आता, ऊन लागतंय. वसराम म्हणाला, गप बस, माझं काम ऱ्हायलं हाय. यावेळी त्यानं डोळे उघडे ठेवून बटण दाबलं.

चारही मोटरी एकदम बोलल्या. कान बधिर करणारा एकच आवाज, पांढऱ्या धुराचा सरळ खांब, आणि टोकाला तांबडा ठिपका, जो बघता बघता दिसेनासा झाला. लेकरं ओरडायचीही विसरली. मग फार उंचावर एक छोटी छत्री उघडली आणि वाऱ्याबरोबर हळूहळू रानावर उतरू लागली, तेव्हा सगळी शाळा दोरी तोडून तिच्यामागं पळाली. शिला त्यांना ओरडत होती आणि स्वतःही पळत होती.

ओमप्रकाशही त्यांच्यामागं गेला आणि दोघंच मागं राहिले. वसराम आभाळाकडं बघत होता. प्रेमानंद वसरामकडं.

थोड्या वेळानं शिला मोबाइल घेऊन आली, त्यात कॅमेऱ्यातलं चित्र उतरवलेलं. तिनं दोघांच्या मध्ये मोबाइल धरला, एका जागी चित्र थांबवलं, तो प्रेमानंदाच्या हातात दिला आणि लेकरांना बिस्किटं वाटायला गेली. खाली हरभऱ्याचं भुरं रान होतं, हळदीच्या कढईचा धूर, सिद्धेश्वरकडं जाणारा रस्ता, आणि रानोरान काळ्या गोल टिकल्या. त्यातल्या काहींत पाणी होतं, आणि पाण्यात आभाळ.

"ह्या आपल्या?" वसरामनं विचारलं.

"आपल्याच."

वसराम बोटानं एकेक टिकली दाखवत गेला. ही पाटलाची, हिला दगड लई कडक लागला होता. ही कुणाची, हां, हिच्यात साप निघाला होता. बोट रस्त्याच्या कडेच्या एका टिकलीवर आलं आणि थांबलं. तिच्या काठाला आता लिंबाचं मोठं झाड होतं. पाणी काठोकाठ होतं. बोट तिथून हललंच नाही.

प्रेमानंदाला कळलं की रॉकेटनं आपलं काम केलं आणि तरीही शब्द आपणच बोलायचा आहे. रॉकेट कितीही वर गेलं तरी ते करणार नव्हतं.

"दादा, ह्या विहिरीवर तू मला धरलं होतं," तो म्हणाला. "म्हणून म्या हाय. म्हणून मला शिलाचं तोंड दिसलं, संगिताचा संसार झाला, सगळं झालं. तुझे लई उपकार हायेत माझ्यावर. सांगायचं ऱ्हाऊन गेलं होतं."

इतकंच. पण ते बोलल्यावर त्याला विहिरीतून वर आल्यासारखा मोकळा श्वास घेता आला. वसराम खोकला, त्यानं पाण्याचा घोट घेतला. मग त्याचा चेहरा चोरी पकडली गेलेल्या माणसासारखा झाला.

"पेमा, उद्या जाऊन राहिलो, आता खोटं काहून बोलू," तो म्हणाला. "तवा मला तलफ आली होती. तू उतरला असता तर तुझ्यामागं मलाबी उतरावं लागलं असतं, आन बिडी ऱ्हायली असती. म्हणून धरलं तुला. म्या कुठं तुझा जीव वाचवला, बिडीनं वाचवला."

आयुष्यभर ज्या ओझ्याखाली प्रेमानंद वाकला होता, ते ओझं एका बिडीचं निघालं. त्याला आधी हसू फुटलं. मग ते हसू मध्येच अडलं. त्यानं हात मागं नेऊन आपल्या सदऱ्याचं टोक चाचपलं. शिवण उसवली होती.

"आन आज, दादा?"

पलीकडं शिला लेकरांच्या घोळक्यात उभी होती, दोन्ही हात बिस्किटांनी भरलेले. वसरामनं तिच्याकडं बघितलं. मग सावकाश आपल्या धुतलेल्या सदऱ्याचा खिसा बाहेर ओढला आणि उलटा करून प्रेमानंदाला दाखवला.

"आज कुठं बिडी होती," तो म्हणाला.